एकबारी शिकारी रायफल कशी पारखावी

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे एकाच विषयावर दोन पत्रे आली. दोन्ही परस्परांच्या इतक्या उलट टोकांची होती की त्यांचे उत्तर एकत्र देणेच आम्हांस सोयीचे वाटले. पहिले पत्र आमच्या एका जुन्या सभासदांचे. त्यांच्या वाड्यात पणजोबांच्या वेळेपासून एक विलायती रायफल होती. तीत एका वेळी एकच काडतूस भरता येत असे. वडील वारल्यावर परवान्याची दगदग नको म्हणून त्यांनी ती विकून टाकली, आणि किंमत आली ती पाणी उपसण्याच्या एका पंपाइतकी. विकल्यानंतर त्यांस कोणी सांगितले की, हीच वस्तू इंग्लंडात असती तर तिच्या मोबदल्यात चांगला ट्रॅक्टर दाराशी उभा राहिला असता. हे खरे काय, असा त्यांचा प्रश्न आहे. दुसरे पत्र एका सभासद बंधूंच्या चिरंजिवांचे. ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोकरीस असून, तेथे ठराविक मोसमात परवाना काढून हरणाची शिकार करता येत असल्यामुळे, एक उंची एकबारी रायफल विकत घेण्याच्या विचारात आहेत. वरवर एकाच जातीच्या दिसणाऱ्या दोन रायफलींपैकी एकीस दुकानदार दुसरीच्या पंधरा पट किंमत सांगतो, ती कशाबद्दल, हे त्यांस उमगत नाही.

शेतीच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु रानडुकरांपासून पीक राखण्याच्या कामी बंदूक हे शेतकऱ्याचे एक अवजारच होते व कोठे कोठे अद्याप आहे. आणि आपल्याजवळील वस्तूची किंमत न कळल्यामुळे शेतकरी नाडला जातो, हा प्रकार आम्हांस नवीन नाही. बैलबाजारात शिंगांचा रंग पाहून बैल घेणारा आणि दात, खांदा व खूर पाहून बैल घेणारा ह्यांत जो फरक, तोच रायफलीच्या बाबतीतही आहे. ह्या लेखात आम्ही दात कोठे व खूर कोणते एवढे सांगणार आहो.

प्रथम ही वस्तू कोणती ते पाहू. एकबारी रायफलीत काडतुसांची पेटी नसते. एक काडतूस हाताने भरावयाचे, बार काढावयाचा, रिकामे काडतूस काढून दुसरे भरावयाचे. पाच काडतुसे घेणारी खटक्याची रायफल कारखान्यातून स्वस्त मिळत असता, एकच बार देणाऱ्या रायफलीस कोणी दहापट पैसे का मोजावे, ही शंका साहजिक आहे. ह्याचे एक कारण उपयोगाचे आहे. खटक्याच्या रायफलीत काडतूस पुढे ढकलण्यास व मागे ओढण्यास जी जागा लागते ती हिच्यात वाचते, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या नळीची एकबारी रायफल तीन-चार इंच आखूड होते. आल्प्स पर्वतात शामोआ नावाच्या रानबोकडामागे दिवसभर कडे चढणाऱ्या शिकाऱ्यास पाठीवरचे हे तीन इंच व अर्धा शेर वजन फार मोलाचे वाटते. दुसरे कारण मनाचे आहे. दुसरा बार हाताशी नाही हे ठाऊक असलेला शिकारी पहिला बार उगाच काढीत नाही. जनावर जवळ येईपर्यंत थांबतो, नाहीतर जाऊ देतो. ह्या संयमाचे ज्यांस अप्रूप वाटते तेच लोक ही रायफल घेतात, आणि अशा लोकांजवळ सामान्यतः पैसाही असतो, हे किमतीचे तिसरे कारण.

ह्या रायफलींची घराणी मोजकीच आहेत. स्कॉटलंडातील जॉन फार्कर्सन ह्याने सन १८७२ मध्ये एका यंत्रणेचा एकाधिकार मिळविला. तीत चापाखालची तरफ खाली ओढली की नळीचे तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो व काडतुसाचे घर उघडे पडते. ब्रिस्टल येथील जॉर्ज गिब्स ह्यांच्या पेढीने ह्या रायफली बनविल्या. त्यांची एकूण संख्या हजाराच्या आतच राहिली व शेवटची सन १९१० मध्ये ग्राहकास पोचली. आफ्रिकेतील प्रसिद्ध शिकारी फ्रेडरिक सेलूस हा हीच रायफल वापरीत असे. एकाधिकाराची मुदत संपल्यावर दुसऱ्या इंग्रज कारागिरांनीही ह्याच घाटाच्या रायफली केल्या. अमेरिकेत जॉन ब्राउनिंग ह्याने सन १८७९ मध्ये उतरत्या ठोकळ्याची स्वतःची निराळी यंत्रणा नोंदविली. विंचेस्टर कंपनीने सन १८८३ मध्ये ८,००० डॉलरांस तिचे हक्क घेतले व १८८५ पासून सुमारे १९२० पर्यंत तिच्या एक लाखाहून अधिक रायफली काढल्या. रूगर कंपनीने सन १९६७ मध्ये ‘नंबर वन’ ह्या नावाने फार्कर्सनच्या वळणाची नवी रायफल बाजारात आणली, आणि मरू घातलेली ही जात पुन्हा जगली. जर्मनी व ऑस्ट्रिया ह्या देशांत मात्र निराळी चाल आहे. तेथे नळीच बिजागरीवर मोडून खाली झुकते, आपल्याकडील साध्या एकनळी बंदुकीप्रमाणे. तीस ते लोक किप्लाउफ म्हणतात. झूल व फेर्लाख ही त्या कारागिरीची जुनी गावे होत, आणि इस्नी येथील ब्लाझर कंपनीची के-९५ ही त्या जातीची आजची ख्यातनाम रायफल.

आपल्याकडे पुष्कळ वेळा मार्टिनी रायफलीस फार्कर्सन समजले जाते, म्हणून येथेच खुलासा करतो. मार्टिनीतही खाली तरफ असते, परंतु तिचा ठोकळा मागच्या टोकास खिळलेला असून त्याचे पुढचे टोक तेवढे खाली वाकते. फार्कर्सनचा ठोकळा सबंध सरळ खाली उतरतो. ब्रिटिश सैन्याने सन १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री स्वीकारली व ती पुढे हिंदुस्थानात विपुल पसरली, त्यामुळे ती दुर्मिळ नव्हे. तरफ ओढून पाहिली की हा वाद एका क्षणात मिटतो. मात्र कोणतीही बंदूक हाती घेतल्यावर ती रिकामी आहे ना हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मागच्याने सांगितले म्हणून विश्वास ठेवू नये.

आता पारखीकडे वळू. पहिली पाहावयाची ती नळी, आणि तीही आतून. बाहेरून आरशासारखी चकाकणारी नळी आतून वाळवी लागलेल्या खांबासारखी असू शकते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट नावाचा क्षार असे. बार झाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन ते नळीत चिकटून राही. हा पदार्थ मिठाच्याच जातीचा असल्यामुळे हवेतील ओल ओढून घेई व पोलादास गंज चढवी. तेलाने तो निघत नाही, पाण्याने निघतो; म्हणून जाणते शिकारी नळीत प्रथम कढत पाणी ओतून, वाळवून मग तेल लावीत. कोकणच्या पावसाळ्यात हे एका रात्रीपुरते राहिले तरी नुकसान होऊन जाई. तेव्हा नळी कोरड्या फडक्याने पुसून, एका टोकाशी उजेड धरून दुसऱ्या टोकाने पाहावी. आटे म्हणजे आतील पिळाच्या कडा धारदार व एकसारख्या दिसल्या पाहिजेत. काळे ठिपके, खड्डे, किंवा काडतुसाच्या घरापुढे दोन-तीन इंचांत आटे पुसट झालेले दिसले, तर ती नळी थकली आहे असे समजावे. पूर्वीची कॉर्डाइट दारू फार तापट असल्यामुळे नेमकी ही जागा आधी झिजवीत असे. नळीच्या तोंडाशी झीज असेल तर ती बहुधा गजाने चुकीचे पुसल्याची. ठोकळा सरळ उतरणाऱ्या रायफली मागून पुसता येतात, मार्टिनी सामान्यतः तोंडाकडूनच पुसावी लागते. म्हणून मार्टिनीचे तोंड विशेष बारकाईने पाहावे.

डोळ्यास जे दिसत नाही ते शिसे सांगते. नळीच्या मापाहून किंचित जाड अशी मऊ शिशाची गोळी तेल लावून मागून पुढे हलक्या हाताने ढकलीत न्यावी. ती सर्वत्र सारख्या जोराने सरकली तर नळी एकसारखी आहे. मध्येच सैल पडली तर तेथे फुगवटा आहे. बाहेर पडलेली गोळी सूक्ष्ममापकाने मोजली की नळीचे खरे माप मिळते. काडतुसाच्या घराचे माप जुने कारागीर वितळलेल्या गंधकाचा ठसा घेऊन काढीत. हल्ली बिस्मथ धातूचा एक मिश्रधातू मिळतो, तो उकळत्या पाण्याच्या उष्णतेच्या आतच वितळतो. त्यात ओतलेला ठसा प्रथम किंचित आकसतो व सुमारे तासाने घराच्या मापावर येतो, त्या वेळी तो मोजावयाचा. हा खटाटोप व्यर्थ नव्हे. नळीवर लिहिलेले माप आणि आतील घर ह्यांचा मेळ नसलेल्या रायफली पुष्कळ आहेत, कारण मधल्या काळात कोणीतरी काडतूस मिळेना म्हणून घर कोरून मोठे केलेले असते.

नळीनंतर बंद होण्याची घट्टी. मोडत्या नळीच्या रायफलीत पुढील लाकूड काढून ठेवावे, बिजागरी बंद करावी, आणि नळी व दस्ता दोन हातांत धरून हलवावे. खडखड ऐकू आली किंवा हातास जाणवली तर सांधा ढिला झाला आहे. मग बंद फटीकडे दिव्याच्या उजेडात पाहावे. उजेडाची रेघ दिसता कामा नये. ठोकळ्याच्या रायफलीत ठोकळा व काडतुसाचे बूड ह्यांमधील अंतर पोलादी मापपट्ट्यांनी तपासतात. हे काम जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावे. ढिला सांधा पुन्हा घट्ट करता येतो, परंतु ते काम हाताचे असते व त्याची मजुरी थोडी नसते.

रायफलीची किंमत तिच्या पोलादाइतकीच तिच्या काडतुसावर अवलंबून असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशाशी निगडित आहे. .४५० इंच मापाची इंग्रजी शिकारी काडतुसे एके काळी सर्वांत लोकप्रिय होती. परंतु मार्टिनी-हेन्रीची गोळीही त्याच मापाची, आणि त्या रायफली बंडखोरांच्या हाती पुष्कळ पडलेल्या. म्हणून सन १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने ह्या मापाच्या रायफली हिंदुस्थानात व सुदानात आणण्यास बंदी केली. हिंदुस्थानचे गिऱ्हाईक गमावणे इंग्रज पेढ्यांस परवडणारे नव्हते. त्यांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५ अशी किंचित मोठी मापे काढली. केवळ सरकारच्या एका हुकुमाने एक माप मागे पडले व दुसरी उदयास आली. पुढे सन १९७० च्या आसपास इंग्लंडातील काइनॉक कारखान्याने मोठ्या मापांची जुनी काडतुसे करणे बंद केले, तेव्हा उत्तमोत्तम रायफलींचे भाव कोसळले; खावयास घालण्यास काही नाही अशी ती घोडी कोण बांधणार? नंतर अमेरिकेत पितळेच्या नळकांड्या पुन्हा होऊ लागल्या, लोक घरी दारू व गोळी भरू लागले, आणि तेच भाव पुन्हा कितीतरी वर चढले. तेव्हा खरेदीदाराने प्रथम विचारावे की हिचे काडतूस आज कोण बनवितो, आणि पेटीस काय पडते. कित्येक जुन्या मापांत एका बाराचा खर्च एका मजुराच्या दिवसाच्या मजुरीएवढा येतो.

येथे एक धोक्याची सूचना आहे. जुन्या धुराच्या दारूसाठी केलेल्या रायफलीत आजच्या बिनधुराच्या दारूचे काडतूस घालणे म्हणजे छकड्यास मालमोटारीचे इंजिन जोडणे होय. इंग्लंडात प्रत्येक नळी विकण्यापूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील चाचणीघरात जादा दाबाचा बार काढून तपासली जाते व तिच्यावर मोहर उठविली जाते. बर्मिंगहॅमचे चाचणीघर सन १८१३ पासून चालू आहे. नळी कोणत्या दारूस उतरली हे त्या मोहरांवरून कळते, म्हणून पुढील लाकूड काढून त्या वाचवून घ्याव्यात. अमेरिकेत अशी सरकारी सक्ती नाही. तेथे कारखानदाराच्या लौकिकावर विसंबावे लागते.

लाकूड पाहताना आपले लोक सहसा फसत नाहीत, कारण नांगराच्या व गाडीच्या लाकडाची पारख त्यांस असते. दस्ता अक्रोडाचा असतो. तुर्कस्थान, कॉकेशस, फ्रान्स येथील अक्रोड व आपल्या काश्मीरचा अक्रोड एकाच जातीचा होय. अमेरिकेतील काळा अक्रोड निराळ्या जातीचा. मागच्या रुंद भागात लाकडाची नक्षी कितीही वळणावळणाची असो, परंतु मूठ धरण्याच्या निमुळत्या जागी रेषा सरळ गेल्या पाहिजेत, नाहीतर धक्क्याने ती जागा तडकते. एकबारी रायफलीचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो; पोलादास लागून असलेल्या कडेवर केसासारखी चीर किंवा तेल मुरून काळे व मऊ झालेले लाकूड आढळले तर किंमत खाली आणावी. लाकूड आणि पोलाद ह्यांच्या सांध्यात कागदही शिरू नये. मुठीवर जी बारीक चौकड कोरलेली असते ती उत्तम कामात इंचास चोवीसच्या आसपास रेघांची असून प्रत्येक कण टोकदार असतो, आणि एकही रेघ कडेबाहेर धावलेली नसते. लंडनच्या नामांकित दस्त्यांवरील ती खोल, मऊ झळाळी कसल्या रोगणाची नसून मुख्यत्वे जवसाच्या तेलाची असते, आठवडेच्या आठवडे तळहाताने चोळून मुरविलेली. आमच्या विदर्भ-मराठवाड्यातील जवस पिकविणाऱ्या बंधूंस हे वाचून मौज वाटेल.

उंची रायफलीच्या किमतीचा मोठा वाटा ह्या हातकामाचाच असतो. चिरंजिवांनी विचारलेल्या पंधरा पटींचे उत्तर येथे आहे. कारखान्यातील रायफलीचे सांगाड्याचे भाग साच्यात ओतून मग यंत्रावर घासून घेतलेले असतात. ते मजबूत असतात, त्यात काही उणे नाही, व नेमबाजीत ती रायफल महागड्या बहिणीच्या मागे राहीलच असे नाही. हाताने केलेल्या रायफलीत प्रत्येक भाग दुसऱ्यावर काजळी लावून, जेथे डाग उठेल तेथे कानशीने घासून, शेकडो तास खर्चून बसविलेला असतो. आपण पैसे देतो ते ह्या तासांचे. म्हणून जेथे तास खर्च झालेले दिसत नाहीत तेथे नुसत्या नावास पैसे देऊ नयेत. कोरीव नक्षीचेही तसेच. यंत्राने उठविलेली रेघ सर्वत्र सारख्या खोलीची असते. हाताच्या छिन्नीची रेघ भिंगाखाली कोठे खोल, कोठे उथळ, वळणावर रुंदावलेली दिसते. भिंग खिशात ठेवावे, दुकानदाराचे वापरू नये. कारखान्यांनी निरनिराळ्या स्मरणोत्सवांनिमित्त सोनेरी मुलामा देऊन काढलेल्या रायफलींपासून मात्र दूर राहावे. त्यांचा भाव चढेल ह्या आशेने घेणारे पुष्कळ असतात, विकत घेणारे थोडे.

आता जी गोष्ट आम्ही स्वतःच्या नुकसानीने शिकलो ती सांगतो. आमच्या चुलत्यांकडून आमच्याकडे एक फार्कर्सन घाटाची रायफल आली होती. तिच्या नळीवरील निळसर काळा रंग उडून ती तपकिरी झालेली, दस्ता मळलेला, सांगाड्यावर पूर्वी असलेले इंद्रधनुष्यी रंग पुसट होऊन कोपऱ्यांतच काय ते उरलेले. तरुणपणाचा उत्साह, वस्तू नीटनेटकी करून ठेवावी असे वाटले. शहरातील एका दुकानदाराने थोड्या पैशांत ‘नवीसारखी’ करून देण्याचे कबूल केले, आणि शब्द पाळला. यंत्राच्या चाकावर घासून तिची नळी लखलखीत केली, वर गडद काळा रंग चढविला, दस्ता खरवडून चकचकीत रोगण दिले. आम्ही फार खूष झालो. पुढे काही वर्षांनी विलायतेत ह्या धंद्यात मुरलेले एक गृहस्थ आमच्याकडे उतरले असता आम्ही ती अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, नळीवरील अक्षरांवरून अंगठा फिरविला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. अक्षरांच्या कडा चाकाने गुळगुळीत झाल्या होत्या, सांगाड्याचे धारदार कोपरे गोल झाले होते, आणि ते पुसट रंग, जे हाडांच्या व लाकडाच्या कोळशात पोलाद तापवून एकदाच चढतात, ते नाहीसे झाले होते. शेवटी ते म्हणाले की, होती तशी आणली असतीत तर हिची किंमत आज दुपटीहून अधिक सांगितली असती. मळ पुसता येतो. गेलेले पोलाद परत बसविता येत नाही. दुकानदारास आम्ही दोष देत नाही. त्याने आम्ही मागितले तेच दिले.

म्हणून जुनी रायफल घेताना ‘मूळ’ आणि ‘नवी केलेली’ हा भेद सर्वांत आधी ओळखावा. अक्षरांच्या व स्क्रूच्या खाचांच्या कडा धारदार आहेत काय. सपाट भाग आरशात पाहिल्यासारखे सपाट आहेत की लाटा दिसतात. लाकूड पोलादाच्या कडेहून खाली गेले आहे काय (गेले असल्यास ते खरवडलेले आहे). सांगाडा, नळी व पुढील लाकडाचा लोखंडी भाग ह्यांवरील क्रमांक जुळतात काय. दुर्बीण बसविण्यासाठी कोणी वरून भोके पाडली असतील तर तीही जखमच समजावी. वापरावयास अशी रायफल वाईट नसते, उलट स्वस्त पडल्यामुळे सोयीची असते. परंतु संग्राहकाचा भाव तिला देऊ नये.

कारागिराचे नाव हा पुरावा नव्हे, दावा आहे. वायव्य सरहद्दीवरील दर्रा आदम खेल येथील कारागीर मार्टिनी रायफलींच्या हुबेहूब नकला करीत. इंग्रजी अक्षरे न येणाऱ्या हातांनी कोरलेल्या छापांत ‘एन’ हे अक्षर उलटे पडलेले आढळते. खऱ्या नावाची खात्री वहीतून होते. इंग्लंडातील कित्येक जुन्या पेढ्यांच्या विक्रीच्या वह्या अद्याप जपलेल्या आहेत. क्रमांक कळविल्यास रायफल कोणत्या वर्षी, कोणत्या मापाची, कोणासाठी केली हे त्या फी घेऊन कळवितात. जुन्या विंचेस्टर रायफलींच्या वह्या वायोमिंगमधील कोडी येथील पदार्थसंग्रहालयात आहेत व तेथूनही असे पत्र मिळते. त्या पत्रातील वर्णन आणि हातातील वस्तू जुळली तर विक्रेत्याने सांगितलेल्या हकीकतीस काही अर्थ. न जुळल्यास ती हकीकत कोणा महाराजांची असो वा लाटसाहेबांची, तिला एक पैसाही देऊ नये.

भाव ठरविताना दुकानात चिकटविलेली किंमत पाहू नये, लिलावात प्रत्यक्ष पटलेली पाहावी, आणि तीत लिलावघराचे कमिशन धरलेले आहे की नाही हेही पाहावे. तुलना करावयाची ती त्याच कारागिराच्या, त्याच मापाच्या व त्याच अवस्थेच्या रायफलीशी. नवी रायफल स्वतःच्या बांध्यास मापून करवून घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की आपल्या हाताच्या लांबीचा दस्ता दुसऱ्याच्या खांद्यास बसत नाही, आणि दस्त्यावर कोरलेल्या आपल्या आद्याक्षरांना दुसरा कोणी मोबदला देत नाही. शक्य असेल तर घेण्यापूर्वी ती टेकवून चालवून पाहावी. पहिला बार थंड नळीतून, मग पुन्हा नळी थंड होऊ देऊन दुसरा, असे पाच. शिकारीत थंड नळीचा पहिला बारच कामाचा असतो. उतरत्या ठोकळ्याच्या काही रायफलींत पुढील लाकूड नळीवर दाबले जाऊन गोळी जागा बदलते. हा दोष साधा कारागीर दूर करू शकतो, पण भाव करताना तो बोलून दाखविण्यास हरकत नाही.

आपल्या देशातील वाचकांसाठी कायद्याचे दोन शब्द. सन १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे. पिकाचा नाश करणाऱ्या काही जनावरांबद्दल वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी लेखी परवानगी दिली तरच अपवाद. पीक राखण्यासाठी सन १९५९ च्या शस्त्र कायद्यात जी तरतूद आहे ती ठासणीच्या बंदुकीची, व ती पुरेशी नसल्यास दुसऱ्या साध्या नळीच्या बंदुकीची आहे, आटे असलेल्या रायफलीची नव्हे. सन २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, व वारसाने आलेलीही त्यांतच मोजली जाते. परवानाधारक वारल्यास बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे ठेवावी व पावती घ्यावी. ठेवण्यापूर्वी नळीत तेल घालावे, आणि मोहरा, क्रमांक व अक्षरे ह्यांची छायाचित्रे काढावीत. परवानाधारकाने परवानाधारकास विकावयाची झाल्यास घेणाऱ्याचे नाव-गाव जिल्हाधिकाऱ्यास किंवा पोलीस ठाण्यास लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. हे पंचेचाळीस दिवस पुष्कळांस अडचण वाटतात. आमच्या मते क्रमांक पाठवून विलायतेहून उत्तर मागविण्यास तेवढा अवधी चांगला आहे.

चिरंजिवांस आम्ही कळविले आहे की, हरणासाठीच हवी असेल तर कारखान्याची, सहज मिळणाऱ्या काडतुसाची घ्यावी व उरलेले पैसे चांगल्या दुर्बिणीस लावावेत. पंधरा पटींची घ्यावयाचीच असेल तर आधी भिंग व शिशाची गोळी घेऊन जावे. आमच्या सभासदांच्या विकलेल्या रायफलीविषयी मात्र निश्चित काही सांगणे कठीण. त्यांनी पणजोबांच्या परवान्याची प्रत शोधून पाठविली आहे. तीवर क्रमांक स्वच्छ आहे, माप .४५० असे लिहिले आहे, आणि कारागिराच्या नावाच्या जागी कारकुनाने ‘विलायती’ एवढेच लिहून ठेवले आहे. क्रमांक आम्ही दोन पेढ्यांस पाठविला असून उत्तर आल्यावर येथे छापू.